लोकल स्वस्त, प्रवास महाग

मुंबई, विशेष प्रतिनिधी

मुंबईच्या उपनगरी प्रवाशाला भाडेवाढ म्हटली की सर्वप्रथम लोकल आठवते. रेल्वेच्या दरांविषयी काही घोषणा होणार असल्याची कुणकुण लागली, तरी सकाळच्या जलद गाडीत त्याच विषयाला तोंड फुटते. २०२५ या वर्षात असे दोनदा घडले. रेल्वेने १ जुलै आणि २६ डिसेंबर रोजी प्रवासी भाड्यात वाढ केली. मात्र दोन्ही वेळा उपनगरी सेवा आणि मासिक पास या वाढीतून वगळण्यात आले. 'उपनगरी प्रवाशांना दिलासा' असे मथळे झळकले आणि चाकरमान्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

हा निःश्वास फसवा होता. कारण ज्या वर्षी लोकलच्या भाड्याला हात लागला नाही, त्याच वर्षी लोकलपर्यंत जाण्याचे आणि लोकलमधून उतरल्यावर पुढे जाण्याचे जवळपास प्रत्येक साधन महागले. २५ जानेवारीपासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. आठवड्याभरातच, १ फेब्रुवारीला मुंबई महानगरातील रिक्षाचे किमान भाडे २३ वरून २६ रुपये आणि काळी-पिवळी टॅक्सीचे २८ वरून ३१ रुपये झाले. आणि ९ मे रोजी बेस्टने साध्या बसचे किमान भाडे ५ वरून १० रुपयांवर, तर वातानुकूलित बसचे ६ वरून १२ रुपयांवर नेले. पहिल्या दोन वाढींची मजल दहा-पंधरा टक्क्यांपर्यंतच होती. तिसरी थेट दुप्पट होती.

रक्कम पाच रुपयांची म्हणून ती डोळ्यांत भरली नाही. पाच रुपयांत आता कटिंग चहाही येत नाही, असा युक्तिवादही त्या दिवसांत सर्रास ऐकू आला. पण प्रवास हा चहासारखा टाळता येण्याजोगा खर्च नव्हे. तो दिवसातून दोनदा, महिन्यातून पंचवीस दिवस करावाच लागतो. म्हणून हिशेब महिन्याचा मांडला पाहिजे.

ठाण्यात राहणारा आणि सीएसएमटीवर उतरून साध्या बसने तीन-चार किलोमीटरवरच्या कार्यालयात जाणारा कर्मचारी घेऊ. त्याचा ठाणे ते सीएसएमटी दुसऱ्या वर्गाचा मासिक पास सुमारे २१५ रुपयांचा. या पैशांत तो रोज जाऊन-येऊन सत्तर किलोमीटरच्या आसपास प्रवास करतो. बससाठी त्याला मे २०२५ पूर्वी रोजचे १० रुपये, म्हणजे महिन्याला २५० रुपये लागत. आता ५०० रुपये लागतात. म्हणजे चार किलोमीटरच्या बसप्रवासात झालेली केवळ वाढ ही चौतीस किलोमीटरच्या रेल्वे पासाच्या पूर्ण किमतीहून अधिक आहे. कल्याण किंवा विरारहून येणाऱ्याचा पास सुमारे ३१५ रुपयांचा असतो. त्याच्या बाबतीतही बसभाड्यातील वाढ पासाच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त भरते. वातानुकूलित बस वाट्याला आली, तर महिन्याचे ३०० रुपये वाढले. आणि कोणती बस वाट्याला येईल हे प्रवासी ठरवत नाही. थांब्यावर जी येईल तिच्यात त्याला चढावे लागते.

हा हिशेब एकाच टोकाचा झाला. उपनगरी प्रवास क्वचितच एकटोकी असतो. मालाडच्या मालवणीतून, घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्त्यांतून किंवा गोवंडी-मानखुर्दच्या आतल्या भागातून निघणाऱ्याला स्थानक गाठण्यासाठीही बस किंवा शेअर रिक्षा लागते. डोंबिवली, दिवा, बदलापूर, नालासोपारा या स्थानकांबाहेरच्या शेअर रिक्षांच्या रांगा तर सर्वपरिचित आहेत. घराच्या टोकाला शेअर रिक्षाचे माणशी पंधरा रुपये धरले, तरी महिन्याचे ७५० रुपये होतात. कामाच्या टोकाच्या बसचे ५०० त्यात मिळवले की साडेबाराशे. आणि या दोन टोकांमधला, वेळेने आणि अंतराने सर्वांत मोठा असा रेल्वेचा टप्पा मात्र ३१५ रुपयांत उरकतो. प्रवासखर्चाचे हे उलटे गणित ध्यानात घेतल्याशिवाय मुंबईतील भाडेवाढीचा खरा परिणाम कळत नाही. लोकलचे भाडे वाढले की नाही, हा प्रश्नच अपुरा आहे. दारापासून कामाच्या जागेपर्यंतचा प्रवास किती रुपयांना पडतो, हे विचारायला हवे आणि तसे विचारणारी यंत्रणा या महानगरात अस्तित्वात नाही.

पासाला हात लावायचा कोणी?

लोकलचे भाडे स्थिर राहण्यामागे रेल्वेचा उदारपणा नाही, तर एक जुना धडा आहे. जून २०१४ मध्ये केंद्रात नव्याने आलेल्या सरकारने प्रवासी भाड्यात १४.२ टक्के वाढ जाहीर केली. तिच्यासोबत एक तांत्रिक वाटणारा बदल होता. मासिक पासाची किंमत साधारण पंधरा एकेरी प्रवासांच्या भाड्यावर आकारली जाते. ती तीस प्रवासांवर आकारावी, असा तो बदल. मुंबईकरांच्या भाषेत सांगायचे, तर पास एका झटक्यात दुपटीहून महाग होणार होता. वाढ लागू व्हायला जेमतेम एक दिवस असताना, भाजप-शिवसेनेच्या खासदारांनीच दिल्ली गाठल्यावर, तत्कालीन रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांना पासाबाबतचा निर्णय मागे घ्यावा लागला. महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक चार महिन्यांवर होती, हे वेगळे सांगायला नको. तेव्हापासून पासधारकाला दुखवायचे नाही, असा जणू अलिखित नियमच झाला. दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट आजतागायत ५ रुपयांवर थांबले आहे.

सत्तर लाखांहून अधिक प्रवासी रोज एकाच सेवेवर अवलंबून असतात, त्यांचे खासदार दिल्लीत असतात आणि त्यांचा रोष एका दिवसात रुळांवर उतरू शकतो. रेल्वे प्रवाशाचे बळ हे असे एकवटलेले आहे. बसच्या प्रवाशाचे तसे नाही. तो शेकडो मार्गांवर विखुरलेला असतो. थांब्यावर उभे असलेले पंधरा-वीस जण बस रोको करत नाहीत. बस आली नाही, तर ते फार तर चालू लागतात.

शिवाय बेस्टची भाडेवाढ ज्या काळात झाली, तो काळही लक्षात ठेवण्याजोगा आहे. मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत पालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. बेस्ट समितीही या काळात नव्हती. एरवी भाडेवाढीचा प्रस्ताव बेस्ट समितीत येतो, तेथे त्यावर आरडाओरड होते, सभात्याग होतात, पुढे तो पालिका सभागृहात जातो आणि मग परिवहन प्राधिकरणाची मोहोर उमटते. या गोंधळाची थट्टा करण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु त्या गोंधळातूनच टप्पे बदलतात, पासाची सवलत वाढते, वाढ दोन हप्त्यांत विभागली जाते. २०१५ मध्ये बेस्टने भाडे वाढवले, तेव्हा ते फेब्रुवारी आणि एप्रिल अशा दोन पायऱ्यांनी वाढले होते आणि प्रत्येक पायरी एका रुपयाची होती. २०२५ मधील दुप्पट वाढ मात्र एकाही निर्वाचित नगरसेवकाच्या मताविना अमलात आली.

अर्धाच पाळलेला करार

बेस्टची बाजू समजून घेणे भाग आहे. या उपक्रमाचा वाहतूक विभाग वर्षानुवर्षे तोट्यात आहे. पूर्वी वीज विभागाच्या नफ्यातून बसची तूट भरून निघत असे. ती सोय आटली, तशी महापालिकेपुढे हात पसरण्याची वेळ आली. डिझेल, सीएनजी, पगार, निवृत्तांची देणी या साऱ्यांचा खर्च वाढत असताना बसभाडे सहा वर्षे जागचे हलले नव्हते. जगात कोठेही शहर बससेवा केवळ तिकिटाच्या पैशांवर चालत नाही हे खरे. पण म्हणून भाडे कधीच वाढू नये, असा आग्रह धरणेही व्यवहार्य नाही.

तथापि, ५ रुपयांचे ते भाडे मुळात आले कोठून, हे विसरून चालणार नाही. २०१५ च्या दोन वाढींनंतर बेस्टचे प्रवासी घटत गेले. दोन किलोमीटरला आठ रुपये मोजण्यापेक्षा लोक शेअर रिक्षा पत्करू लागले. जानेवारी २०१९ मधील नऊ दिवसांच्या संपाने उपक्रमाची दुर्दशा चव्हाट्यावर आली. त्यानंतर जो तोडगा निघाला, त्याचे दोन भाग होते. एक, भाडे कमी करून प्रवासी परत आणायचे. दुसरा, भाडेतत्त्वावर बस घेऊन ताफा मोठा करायचा, म्हणजे फेऱ्या वाढतील आणि थांब्यावर ताटकळणे कमी होईल. महापालिकेने त्यासाठी दरमहा अनुदान द्यायचे. ९ जुलै २०१९ रोजी पाच किलोमीटरपर्यंत ५ रुपये हे भाडे लागू झाले आणि प्रवासी खरोखरच परतले. शेअर रिक्षा आणि शेअर टॅक्सीच्या रांगा काही ठिकाणी आटल्या. मुंबईत भाडे आणि प्रवासीसंख्या यांचे नाते किती थेट आहे, याचा याहून ढळढळीत पुरावा दुसरा मिळणार नाही.

करार फसला तो दुसऱ्या भागात. नव्या बस जितक्या आल्या, त्यांहून अधिक जुन्या बस भंगारात गेल्या. भाडेतत्त्वावरील काही कंत्राटदारांनी परवडत नाही म्हणून मध्येच काम सोडले. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालक-वाहकांनी पगारासाठी संप केला. डिसेंबर २०२४ मधील कुर्ल्याच्या भीषण अपघाताने कंत्राटी चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आणला. एके काळी चार हजारांहून अधिक बस बाळगणारा बेस्टचा ताफा २०२५ मध्ये तीन हजारांच्याही खाली आला होता आणि त्यांतील स्वमालकीच्या बस काही शेकड्यांत मोजाव्या लागत होत्या. म्हणजे स्वस्त भाडे आणि भरपूर बस असे जे ठरले होते, त्यातील भरपूर बस प्रवाशाला कधी मिळाल्याच नाहीत आणि २०२५ मध्ये स्वस्त भाडेही गेले. दुष्काळात तेरावा महिना तो हा.

भाडेवाढीचे अर्थशास्त्र येथेच लंगडे पडते. बस वेळेवर येत असेल, तर दहा रुपये देण्यास प्रवासी फारशी खळखळ करणार नाही. पंधरा मिनिटे उभे राहूनही बसचा पत्ता नसेल, तर त्याच्या लेखी भाडे दहा रुपये अधिक पंधरा मिनिटे असे असते. शेजारी शेअर रिक्षा पंधरा रुपयांत तयार उभी असते. पूर्वी या दोहोंत दहा रुपयांचे अंतर होते आणि त्या दहा रुपयांसाठी थांबणे परवडत होते. आता अंतर पाच रुपयांवर, वातानुकूलित बस असेल तर तीन रुपयांवर आले. ज्याला परवडते तो रिक्षात बसतो. बसचा प्रवासी कमी होतो, उत्पन्नाचा अंदाज चुकतो आणि पुन्हा तुटीची चर्चा सुरू होते. दिल्ली मेट्रोने २०१७ मध्ये मे आणि ऑक्टोबर अशी दोनदा भाडेवाढ केली, तेव्हा हेच घडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेंगळुरू मेट्रोने केलेल्या जबर वाढीनंतर तेथेही प्रवासी रोडावले. दोन्ही शहरांत गाड्या वेळेवर धावत होत्या, तरीही. बेस्टला तर तोही आधार नव्हता.

नियमित प्रवाशाला पासाचा आसरा असतो. पण अमर्याद प्रवासाचा मासिक पासही ९०० वरून १८०० रुपये झाला. रोजच्या ग्राहकाला टिकवून धरायचे असेल, तर सुट्या तिकिटापेक्षा पास कमी वाढवायचा, हे रेल्वेने जाणलेले व्यापारी तत्त्व येथे कोणाला आठवले नाही, याचे नवल वाटते.

पैसा नव्हता, या उत्तरावरही थोडे थांबायला हवे. भाडेवाढीच्या सातच महिने आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर मोटारींना टोलमाफी मिळाली. त्या टोलची भरपाई सरकारी तिजोरीतून होते. किनारी रस्त्याच्या दक्षिण भागावर महापालिकेने तेरा-चौदा हजार कोटी रुपयांच्या घरात खर्च केला आणि त्यावर टोल नाही. त्याच महापालिकेने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात बेस्टसाठी एक हजार कोटी रुपयांची तरतूद केली. रस्ते बांधू नयेत असे कोणी म्हणणार नाही. पण दहिसर नाका ओलांडणाऱ्या मोटारमालकाचे ४५ रुपये माफ करताना तिजोरीची चिंता कोणाला पडली नाही आणि त्याच नाक्यावर बसची वाट पाहणाऱ्याचे पाच रुपये मात्र तुटीच्या खात्यावर वसूल झाले, ही विसंगती नजरेआड करण्यासारखी नाही.

घोषणेविना होणारी वाढ

लोकलचे भाडे वाढले नाही, हे विधानसुद्धा अर्धसत्य आहे. साध्या लोकलचे भाडे वाढले नाही, इतकेच म्हणता येईल. डिसेंबर २०१७ मध्ये पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धावली. तिचे भाडे सामान्य प्रवाशाच्या आवाक्याबाहेर असल्याने डबे रिकामे धावू लागले. अखेर मे २०२२ मध्ये एकेरी तिकीट निम्म्यावर आणून किमान भाडे ६५ वरून ३० रुपये करण्यात आले. मासिक पास मात्र तसाच राहिला आणि तो दुसऱ्या वर्गाच्या पासाच्या कित्येक पट आहे.

ही सेवा ऐच्छिक आहे, असे रेल्वे म्हणते. ज्यांना हवी त्यांनी घ्यावी. पण मार्गिका त्याच, वेळापत्रकात जागा तेवढीच. त्यामुळे नवी वातानुकूलित फेरी बहुधा एखाद्या साध्या फेरीच्या जागी येते. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूरच्या प्रवाशांचा संताप उफाळला, तो याच कारणाने. ठरलेल्या वेळेची साधी गाडी गेली आणि तिच्या जागी वातानुकूलित आली, तर दुसऱ्या वर्गाच्या पासधारकापुढे दोनच मार्ग उरतात. जादा पैसे मोजायचे किंवा आधीच तुडुंब भरलेल्या मागच्या गाडीत स्वतःला कोंबायचे. मध्य रेल्वेला तेव्हा नव्याने सुरू केलेल्या दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. कागदावर एका पैशाचीही भाडेवाढ न करता प्रवाशाकडून अधिक पैसे घेण्याचा हा प्रकार होता आणि प्रवाशांनी तो अचूक ओळखला.

जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून पडून प्रवाशांचे बळी गेले आणि बंद दरवाजांच्या गाड्यांचा विषय पुन्हा वर आला. उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे प्राण गमावतात. बंद दरवाजे हवेत, हे कोण नाकारील? दरवाजे बंद करायचे तर हवा खेळती हवी आणि हवा खेळती हवी तर वातानुकूलन, असा हा साखळीचा तर्क आहे. तो मान्य केला, तर वातानुकूलित गाडी ही चैन न राहता सुरक्षेची गरज ठरते आणि गरजेला चैनीचा दर लावता येत नाही. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात दुसऱ्या वर्गाचे भाडे न वाढवता वातानुकूलित लोकल देण्याचा मनोदय बोलून दाखवला. तसे झाले तर उत्तमच. पण त्या भाड्यातील तूट केंद्र भरणार की राज्य, याचा उलगडा त्या घोषणेत नव्हता.

मेट्रोचे गणित निराळे. ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झालेल्या भुयारी मेट्रोचे भाडे १० ते ७० रुपये आहे. मोटार किंवा टॅक्सी सोडून येणाऱ्याला ते स्वस्त वाटते. लोकलमधून येणाऱ्याला वाटत नाही. मेट्रो-१ च्या दरांवरून २०१४ पासून वर्षानुवर्षे न्यायालयात झुंज चालली. दरनिश्चिती समितीने कमाल भाडे ११० रुपयांपर्यंत नेण्याची शिफारस केली आणि डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, हा इतिहास फार जुना नाही. नव्या मार्गांवरील दर आज सौम्य आहेत. ते तसेच राहतील, असे गृहीत धरण्यास मात्र आधार नाही.

भार कोणाच्या खांद्यावर

भाडेवाढीचा फटका सर्वांना सारखा बसत नाही. पगारात प्रवासभत्ता असलेला कारकून कुरकुरत का होईना, जुळवून घेतो. ज्यांच्या पगाराला असे अस्तर नाही, त्यांची गोष्ट वेगळी. सुरक्षारक्षक, दुकानातील मदतनीस, रुग्णालयातील आया, कंत्राटी सफाई कामगार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांचा दिवस अनेकदा एका फेरीत संपत नाही. सकाळी एका भागात, दुपारी दुसऱ्या भागात काम करणाऱ्या बाईला दिवसात तीन-चार वेळा बस लागते आणि प्रत्येक वेळी किमान भाडे नव्याने सुरू होते. तिच्यासाठी वाढ महिन्याला अडीचशेची नाही, पाचशेची असते. अशा वेळी ती जे करते, त्याला वाहतूक तज्ज्ञांच्या अहवालात 'पायी फेरी' म्हणतात. मुंबई महानगराच्या २००८ मधील सर्वंकष वाहतूक अभ्यासात एकूण फेऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास फेऱ्या पायीच होत असल्याचे दिसले होते. त्यातील किती जण आवडीने चालतात आणि किती जण तिकीट परवडत नाही म्हणून, हे कोष्टकात उमटत नाही.

एक विचित्र भेदही नोंदवण्यासारखा आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासूनच मोफत प्रवास आहे. म्हणजे वाड्याहून किंवा मुरबाडहून एसटीने येणाऱ्या स्त्रीला राज्य सरकार सवलत देते. तीच स्त्री लोकलमधून मुंबईत उतरून बेस्टच्या बसमध्ये चढली की दुप्पट झालेले भाडे पूर्ण भरते. दिल्लीत २०१९ मध्ये शहर बस महिलांना मोफत झाली, कर्नाटकात २०२३ मध्ये. मुंबईत भाडे दुप्पट करताना निदान स्त्रियांना जुना दर ठेवावा, असे कोणाला सुचले नाही.

रिक्षाचालकालाही येथे खलनायक ठरवून उपयोग नाही. सीएनजी, विमा, सुट्या भागांच्या किमती वाढल्या की खटुआ समितीच्या सूत्रानुसार भाडे वाढते. ते सूत्र कागदावर आहे, त्याची कारणे तपासता येतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये किमान भाडे १५ रुपये झाले होते, २०२५ मध्ये ते २६ झाले. तेरा वर्षांतील ही वाढ महागाईच्या मानाने बेसुमार म्हणता येणार नाही. अडचण शेअर रिक्षाची आहे. मीटरचे भाडे तीन रुपयांनी वाढले की शेअरचे माणशी भाडे सरसकट पाच रुपयांनी वाढवण्याकडे कल असतो, कारण सुटे पैसे देण्याघेण्याची कटकट नको. बदलापूर किंवा नालासोपाऱ्याच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रवाशाला दरपत्रक विचारण्यापेक्षा ८.०७ ची लोकल पकडणे महत्त्वाचे असते. त्या भागांत महापालिकांच्या परिवहन सेवा सशक्त असत्या, तर ही मनमानी आपोआप आटोक्यात आली असती.

मुळात हा प्रवासी इतक्या लांब गेला तो स्वस्त घरासाठी. गिरण्या गेल्या, परळ-लालबागचे भाव गगनाला भिडले आणि मराठी मध्यमवर्ग व कष्टकरी वर्ग विरार, बदलापूर, टिटवाळ्याकडे सरकत गेला. घराचे हप्ते तेथे परवडत होते, कारण लोकलचा पास परवडत होता. शहराने त्याच्याशी केलेला हा न बोललेला सौदा होता. लांब राहा, पण कामावर स्वस्तात पोहोचवू. सौद्यातील लोकलचा भाग अजून टिकून आहे. स्थानकाच्या दोन्ही बाजूंचा भाग एकेका भाडेवाढीने निसटत चालला आहे. पंधरा हजारांच्या पगारातून साडेबाराशे-पंधराशे रुपये प्रवासात जाऊ लागले की माणूस दूरची चांगली नोकरी सोडून जवळची कमी पगाराची धरतो आणि घरातील दुसऱ्या कमावत्या व्यक्तीचे, बहुधा स्त्रीचे, काम आधी सुटते.

यावर उपाय नाहीत असे नाही. जगातील अनेक शहरांत एका ठरावीक वेळेत कितीही वाहने बदलली तरी भाडे एकदाच सुरू होते. मुंबईत प्रत्येक वाहनाचा मालक वेगळा. लोकल केंद्राची, बेस्ट महापालिकेची, मेट्रो तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, रिक्षा-टॅक्सीचे दर परिवहन प्राधिकरणाच्या हाती, एसटी राज्याची आणि ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, वसई-विरारच्या बस आपापल्या महापालिकांच्या. या सर्वांना एका टेबलाभोवती बसवण्यासाठी २००८ मध्ये एकात्मिक महानगर वाहतूक प्राधिकरण नेमण्यात आले. पण कोणाचेही भाडे ठरवण्याचा वा रोखण्याचा अधिकार त्याला मिळाला नाही. त्यामुळे २०२५ मध्ये पंधरवड्याभरात एसटी आणि रिक्षा-टॅक्सी, पाठोपाठ तीन महिन्यांत बेस्ट अशी भाडी वाढली, तेव्हा या सगळ्यांची एकत्रित झळ एकाच खिशाला बसते आहे, हे पाहणे कोणाच्याही कामात मोडत नव्हते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये 'मुंबई वन' हे अॅप सुरू झाले. अकरा वाहतूक संस्थांची तिकिटे त्यावर एकत्र काढता येतात. रांग टळते, सुट्या पैशांचा प्रश्न मिटतो आणि हे लाभ खरे आहेत. मात्र तिकीट एकत्र झाले, भाडे नाही. घराजवळून बस, मग लोकल, मग मेट्रो आणि शेवटी पुन्हा बस असा प्रवास करणाऱ्याला मोबाइलच्या पडद्यावर एकच संकेतचित्र दिसते, पण त्यामागे चार स्वतंत्र किमान भाड्यांची बेरीज असते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर महापालिकेत पुन्हा लोकनियुक्त सभागृह आले आणि प्रचारात बेस्टच्या भाड्याचा विषयही निघाला होता. पाच किलोमीटरच्या पहिल्या टप्प्याआधी दोन किलोमीटरचा ५ रुपयांचा टप्पा ठेवणे आणि रेल्वे पासधारकाला बसच्या पासात सवलत देणे, हे दोन निर्णय दिल्लीची वा मंत्रालयाची वाट न पाहता बेस्टच्या पातळीवर मांडता येण्यासारखे आहेत.